खोलीत दोघी : एका चित्राच्या नोंदी

४ मार्च

कॅनव्हास ताणून झाला. ९० बाय १२० सेंटिमीटर, आडवा. जेसोचे (रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर सँडपेपर. काम एकच ठरवलंय : खोली, टेबल आणि टेबलाशी बसलेली एक बाई. दोन महिने दुसरं काही हातात घ्यायचं नाही.

हे का करतेय ते आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटले तर परत येता येईल. गेली दीडशे वर्षं चित्रकार एकटं बसलेलं माणूस रंगवत आलेत. त्यातली काही चित्रं पाहिली की पोटात कालवल्यासारखं होतं, नजर हटत नाही आणि समोर थांबवतही नाही. पुष्कळ चित्रांत मात्र माणूस एकटं असूनही आत काहीच हलत नाही. हा फरक कुठून येतो, ते मला हाताने शोधायचंय. पुस्तकं चाळताना सगळं समजल्यासारखं वाटतं, ब्रश उचलला की काहीच समजलेलं नसतं.

आत्याचा मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे, खिडकीशी बसलेली. त्यावरून चारकोलने आखणी केली.

७ मार्च

रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घेऊन पहिला पातळ थर दिला. मग चेहरा. चार तास चेहऱ्यातच गेले. डोळे खाली, ओठ जरा आवळलेले, भुवईच्या आतल्या टोकाला सावली. संध्याकाळी लांब जाऊन पाहिलं तर दुःखाची जाहिरात वाटली. ‘मी दुःखी आहे’ असं ती बाई ओरडून सांगत होती, आणि त्यामुळेच मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं.

पॅलेट नाइफने चेहरा खरवडून काढला.

रात्री फ्रेंच चित्रकार देगाचं ‘ॲब्सिन्थ’ (एका कडक दारूचं नाव) पुन्हा उघडलं. १८७५-७६ मधलं. कॅफेतल्या बाकावर एक बाई, शेजारी एक पुरुष. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, पण दोघांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. बाईचा चेहरा मी आजवर नीट पाहिलाच नव्हता असं लक्षात आलं, कारण तो फार कमी रंगवलाय. नजर समोर कुठेतरी सुटलेली, बस्स. मग चित्र इतकं अंगावर का येतं? अर्धा तास पाहिल्यावर टेबलांकडे लक्ष गेलं. टेबलांना पाय नाहीत! संगमरवरी फळ्या हवेत तरंगतायत, आणि दोन फळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर एक वर्तमानपत्र पुलासारखं टाकलंय. आपण हे सहसा पाहत नाही, पण डोळ्याला ते जाणवलेलं असतं. त्या बाईला टेकायला खाली काही नाही, हे चेहऱ्याने सांगितलेलं नाही, टेबलाने सांगितलंय.

माणसं उजव्या वरच्या कोपऱ्यात ढकललेली आहेत, तेही आज पहिल्यांदा मोजून पाहिलं. डावीकडचा मोठा भाग नुसत्या टेबलांचा.

८ मार्च

टेबलाचे पाय पुसले. बाईला मध्यावरून उजवीकडे सरकवलं. चेहऱ्याच्या जागी फक्त एक करडा डाग. तेवढ्यानेच चित्र कालच्यापेक्षा जास्त बोलतंय.

१३ मार्च

आठवडाभर डॅनिश चित्रकार हामरशॉय. कोपनहेगनमधल्या स्ट्रानगादे ३० या पत्त्यावर तो आणि त्याची बायको ईडा १८९८ ते १९०९ राहिले, आणि त्याच घराच्या खोल्या तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. करडा, पांढरा, तपकिरी, आणखी थोडा करडा. ईडा बहुतेक वेळा पाठमोरी. मानेचा उघडा भाग, काळा पोशाख, हातात तबक असेल किंवा काहीच नसेल.

पाठमोरी आकृती मलाही काढून पाहायची होती, म्हणून छोट्या बोर्डावर तीन रेखाटनं केली. पाठमोऱ्या माणसाबद्दल आपण दोन गोष्टी एकदम मनात धरतो : ती आत्ता वळेल, आणि ती वळणार नाही. ते दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायला मान लागते. केस वर बांधलेले, त्याखाली उजेड पडलेला मानेचा तुकडा. तेवढा भाग सोडून बाकी सगळं बोथट ठेवलं की नजर तिथेच अडकते. हामरशॉय तसंच करतो. त्याच्या ‘उन्हाच्या झोतात नाचणारे धूलिकण’ या १९०० सालच्या चित्रात तर माणूसही नाही. खिडकी, जमिनीवर पडलेलं ऊन आणि शेजारी एक बंद दार, ज्याला कडी नाही, मूठ नाही. ते दार उघडायचं कसं, हा प्रश्न चित्र विचारत नाही. तो आपला आपल्याला पडतो.

इटालियन चित्रकार द किरिकोही याच पंगतीत बसतो असं मला वाटतं, जरी त्याच्या रस्त्यांत ऊन फार आहे. ‘रस्त्याचं गूढ आणि विषण्णता’, १९१४. चाक पळवत जाणारी मुलगी, दोन बाजूंना कमानी. त्या कमानींच्या रेषा पट्टी लावून वाढवल्या तर एका बिंदूला मिळत नाहीत. दोन्ही इमारती वेगवेगळ्या जगातून आणून एका रस्त्यावर ठेवल्यात. ती मुलगी जिथे पळतेय तिथे जमीन एकसंध नाहीच.

१७ मार्च

आज सगळं एकदम करून पाहिलं. दाराची मूठ काढली, टेबलाचे पाय आधीच गेले होते, डाव्या भिंतीचा तिरकस कोन मुद्दाम चुकवला, खिडकीबाहेर काहीच ठेवलं नाही.

नाही जमलं. कोडं झालं. ‘या चित्रात काय काय नाही ते शोधा.’ गाळलेल्या गोष्टी मोजता यायला लागल्या की त्यातलं भय जातं. देगाने टेबलाचे पाय गाळले ते कुणाला दाखवायला नाहीत. त्याला ती बाई जशी दिसली तसं रंगवताना पाय आड आले असणार. मी मात्र त्याची युक्ती उचलली आणि त्याचं पाहणं तिथेच सोडून आले.

दाराला मूठ परत लावली. भिंत सरळ केली.

२१ मार्च

अडचण फोटोची आहे असं वाटायला लागलंय. फोटोत आत्या एका क्षणात थांबलेली आहे, आणि तो क्षण मी चाळीस तास चघळतेय. त्यात नवीन काहीच घडत नाही.

पण मग चित्रकार फ्रान्सिस बेकन? तो तर फोटोंवरूनच काम करायचा. जॉन डीकिन या छायाचित्रकाराकडून मित्रांचे फोटो काढून घ्यायचा, आणि ते चुरगळलेले, रंगाने बरबटलेले फोटो स्टुडिओभर पडलेले असायचे. माणूस समोर बसलेलं असलं की त्याला संकोच व्हायचा, कारण त्या माणसाच्या चेहऱ्याचं जे करायचं ते त्याच्या देखत करवत नसे. हे वाचलं तेव्हा मी थांबले. म्हणजे फोटो त्याला सोपा पडायचा म्हणून नव्हता. इजा करण्यासाठी त्याला एकांत हवा होता. त्यात तो कॅनव्हासच्या जेसो नसलेल्या, उलट्या बाजूवर रंगवायचा. रंग कापडात मुरतो, पुसता येत नाही, एकदा ओढलेला फटकारा कायमचा. १९५३ चा तो किंचाळणारा पोप पाहताना वरून खाली आलेल्या रेघा पडद्यासारख्या दिसतात, आणि भोवती खोलीचा सांगाडा, पातळ रेषांचा पिंजरा. त्याला पुसायचा मार्गच उरला नव्हता, हे माहीत असल्यावर त्या रेघांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

मला इजा करायची नाहीये. मग फोटो कशाला?

आत्याला फोन केला. ती म्हणाली, “रविवारी येते. पण मला गप्प बसवू नकोस हं.”

२४ मार्च

पहिली बैठक. खिडकी डावीकडे, आत्या टेबलाशी, मी साधारण दोन मीटरवर. खुर्चीचे चारही पाय जिथे टेकले तिथे जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. ही सवय शिल्पकार-चित्रकार जियाकोमेत्तीकडून घेतली. तो खुर्चीच्या पायांच्या खुणा जमिनीवर लाल रंगाने करून ठेवायचा, म्हणजे माणूस दर वेळी नेमका त्याच अंतरावर बसेल.

पहिला तासभर आत्या बोलत होती. मग आपोआप गप्प झाली. माणूस बसून बसून स्वतःत उतरतं, तो क्षण मी आज पहिल्यांदा समोर पाहिला. आधी खांदे उतरतात. मग हात. टेबलावरचा तिचा उजवा हात उपडा होता, बोटं जरा आत वळलेली, करंगळी बाकीच्यांपासून सुटलेली. त्या करंगळीत इतकं काही होतं की मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. दोन तास हातच रंगवला. टिटॅनियमऐवजी झिंक व्हाइट वापरला, तो जरा पारदर्शक पडतो. त्याखालचा हिरवट थर नखांच्या बाजूने दिसत राहिला.

“झालं का गं?”

“हात झाला.”

“एवढ्या वेळात नुसता हात?”

३१ मार्च

दुसरी बैठक. अर्धी उजेडामुळे वाया गेली, ढग येत-जात होते. खिडकीची चौकट मात्र जमली.

७ एप्रिल

आज काम करताना एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यापासून चित्राचा माझ्यापुरता अर्थच बदलला.

अमेरिकन चित्रकार हॉपरच्या ‘मॉर्निंग सन’ची, १९५२ च्या चित्राची, पूर्वतयारीची रेखाटनं पाहत होते. पलंगावर पाय जवळ घेऊन बसलेली बाई, अंगावर सकाळचा उजेड. रेखाटनावर त्याने अंगाच्या प्रत्येक भागाशी रंगांच्या सूचना लिहून ठेवल्यात : इथे गार, इथे उबदार, इथे कडा जास्त उजळ. मॉडेल म्हणून बसली होती त्याची बायको जो. ती स्वतः चित्रकार, तेव्हा ७० च्या जवळ पोचलेली. चित्रातली बाई तिच्याइतकी वयस्क नाही. त्याच्याच ‘नाइटहॉक्स’ या रात्रीच्या हॉटेलच्या चित्रातली लाल पोशाखातली बाई, तीही जो. तिथल्या पुरुषांसाठी तो स्वतः आरशासमोर उभा राहिला होता.

म्हणजे शहरातल्या एकटेपणाची जी चित्रं आपण डोळ्यासमोर आणतो, ती काढताना खोलीत दोन माणसं होती. दशकानुदशकं तीच दोन. ‘नाइटहॉक्स’चं ते काचेचं हॉटेल, ज्याला रस्त्यावर उघडणारं दारच दिसत नाही, नवरा-बायकोने मिळून उभं केलंय. हामरशॉयच्या खोलीत ईडा होती. जियाकोमेत्तीसमोर भाऊ दिएगो, बायको आनेत. १९६४ मध्ये लेखक जेम्स लॉर्ड त्याच्यासमोर १८ बैठका बसला, आणि रोज जवळजवळ झालेला चेहरा जियाकोमेत्ती पुसायचा आणि पुन्हा बांधायचा. त्या करड्या डोक्याभोवतीचं रिकामेपण दोघांनी समोरासमोर बसून सोसलंय.

बेकन वेगळा. पण त्यालाही माणसाची अनुपस्थिती मुद्दाम घडवून आणावी लागत होती.

मी आत्यापासून दोन मीटरवर उभी आहे. ती मला दिसते आणि कळत नाही. ती खिडकीकडे पाहते तेव्हा तिच्या मनात काय आहे, याचा मला थांग नाही. ती माझ्याकडे पाहते तेव्हा तिलाही माझा नसणार. मला वाटतं, चित्रात जे अस्वस्थ करतं ते हे दोन मीटर आहेत. चित्रातली बाई एकटी आहे की नाही हा पुढचा प्रश्न. रंगवणारा तिच्या किती जवळ जाऊ शकला आणि कुठे अडला, ते कॅनव्हासवर उतरतं, आणि पाहणारा नेमका त्या अडलेल्या जागी येऊन उभा राहतो.

हे माझ्या डोक्यातलं आहे, सिद्ध काही केलेलं नाही. पण चित्र आता यावरच चालणार.

१४ एप्रिल

चौथी बैठक. चेहऱ्याला हात घातला. कपाळ, गालाचं हाड, नाकाची सावली. डोळे अजून नाहीत.

चहाच्या सुट्टीत आत्या उठून कॅनव्हाससमोर गेली. बराच वेळ उभी होती.

“मी अशी बसते?”

“हो.”

“मला वाटायचं मी मजेत बसते. अगं, मला एकटं राहायला आवडतं, हे तुला माहितीये ना? लोक बघतील आणि म्हणतील, बिचारी.”

काय बोलावं सुचलं नाही. ती रागावली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

१६ एप्रिल

दोन दिवस ब्रश धरला नाही.

‘ॲब्सिन्थ’मधली ती बाई एलेन आंद्रे नावाची अभिनेत्री होती, पुरुष मार्सेलँ देबुतँ, चित्रकार. दोघं देगाच्या ओळखीतले. त्याच्या सांगण्यावरून बसले, आणि १८९३ मध्ये ते चित्र लंडनमध्ये मांडलं तेव्हा लोकांनी त्यांच्यात अधःपतन, दारू, नरक काय काय पाहिलं. एलेन आंद्रे ती बाई नव्हतीच. पण चेहरा तिचा.

अमेरिकन चित्रकार वाएथचं ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’, १९४८. गवतावर बसलेली, दूरच्या घराकडे वळलेली पाठमोरी बाई. ॲना क्रिस्टिना ओल्सन तेव्हा ५५ वर्षांची होती, चालता येत नसे, चाकाची खुर्ची नको म्हणून ती हातांवर सरपटत सगळीकडे जायची. चित्रातल्या धडासाठी मात्र वाएथची तरुण बायको बेट्सी बसली. हात क्रिस्टिनाचे, पाठ बेट्सीची. हे मला बरीच वर्षं खटकायचं. काल रात्री वाटलं, पाहणाऱ्यांनी त्या चित्राला असहायतेचं चित्र केलं. चाकाची खुर्ची नाकारून स्वतःच्या हातांनी शेत ओलांडणारी बाई असहाय नसते. तिच्या दंडात आणि जमिनीवर रोवलेल्या बोटांत जो ताण आहे तो निघालेल्या माणसाचा आहे.

आपल्याकडे एकांत आणि एकटेपणा असे दोन शब्द आहेत. एकांत आपण मागतो, एकटेपणा येऊन पडतो. आत्या जिथे बसते तो एकांत आहे. मी रंगवत होते तो एकटेपणा, आणि तो बहुधा माझा होता. तिच्या करंगळीवर मी तो चढवला.

१९ एप्रिल

अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ (१९३५) पाहिल्या. तिघी जवळजवळ, नजरा खाली, कुणी कुणाकडे पाहत नाही. मागे काही नाही, घर नाही, खिडकी नाही. तरी कुणी त्यांना बिचाऱ्या म्हणणार नाही. तिघींचं काहीतरी आपल्याला न सांगण्याचं ठरलेलं आहे, असं वाटतं. अंगावरच्या कपड्यांचे रंग उबदार आहेत, शरीरं भरीव आहेत. अस्वस्थता आहे पण माणसाचं वजन कमी झालेलं नाही.

याच्या अगदी उलट नॉर्वेजियन चित्रकार मुंकचं ‘कार्ल योहान रस्त्यावरची संध्याकाळ’, १८९२. गर्दी सरळ आपल्या अंगावर चालून येते, चेहरे पिवळट आणि डोळे वटारलेले, डोक्यावर उंच टोप्या. रस्त्याच्या मधून एकच काळी आकृती उलट दिशेने जातेय. तिथे माणसांचं वजनच काढून घेतलंय, मुखवटे उरलेत. ते मुंकला हवं होतं, त्याच्या चित्राला ते शोभतं. माझ्या चित्राला नाही.

म्हणजे आत्याला वजन द्यायचं. पाय जमिनीवर टेकवायचे. ती बसली आहे ती कुणी बसवलं म्हणून नाही, हे दिसलं पाहिजे.

२१ एप्रिल

बैठकीआधी टेबलाचे पाय परत काढले, म्हणजे रंगवले. रुंद, साधे, लाकडी. आत्याच्या टाचा जमिनीवर. उजव्या टाचेखाली गडद सावलीची एक जाड रेघ, आयव्हरी ब्लॅकमध्ये थोडा बर्न्ट सिएना. ती रेघ पडल्यावर सगळी आकृती खाली बसली.

गंमत म्हणजे चित्र शांत झालं नाही. उलट आता ती बाई खरी तिथे आहे, आणि मी तिच्यापर्यंत पोचत नाही, हे जास्त जाणवतं. हात मी बदलला नाही.

आत्याने विचारलं, “आणि ती समोरची खुर्ची?” समोर एक रिकामी खुर्ची मी पहिल्या आठवड्यापासून ठेवली होती. हॉपरच्या ‘ऑटोमॅट’मध्ये (१९२७) आहे तशी : एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा, समोर रिकामी खुर्ची, मागे काळ्या काचेत दिव्यांच्या दोन रांगा. तिथे ती चालते, कारण तिथे तो उघडा हात आहे आणि कपाकडे लागलेली नजर आहे. माझ्या चित्रात मात्र खुर्ची नुसती हुंदका देत होती.

२२ एप्रिल

खुर्ची खरवडली. सुकलेला थर होता, बराच वेळ गेला, कॅनव्हासचा पोत तिथे जरा उघडा पडलाय. राहू दे.

मग त्या जागेचं काय करायचं ते दुपारी सुचलं. ‘ॲब्सिन्थ’मध्ये सगळ्यांत जवळचं टेबल चित्राच्या खालच्या कडेतून बाहेर येतं, म्हणजे पाहणारा त्याच टेबलाशी बसलेला असतो. मीही टेबलाची फळी खाली आणली, कॅनव्हासच्या कडेपर्यंत, आणि कडेने कापली. आता टेबलाची अलीकडची बाजू चित्रात नाही. तिथे मी आहे. नंतर जो पाहील तो असेल.

फळीच्या खालच्या १५ सेंटिमीटरला पातळ ग्लेझ (पारदर्शक रंगाचा थर) दिला, लाकूड जरा ऊबदार केलं.

५ मे

डोळे. शेवटपर्यंत ठेवले होते.

आत्या आज खिडकीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, पण ब्रशकडे. माझा हात कुठे जातो ते. त्यामुळे नजर माझ्या चेहऱ्याच्या किंचित खाली आणि उजवीकडे. तीच रंगवली. चित्रासमोर उभं राहिलं तर ती आपल्याकडे पाहते असं आधी वाटतं, मग कळतं की आपल्या छातीशी, हाताशी काहीतरी आहे तिकडे ती पाहतेय. मी दोनदा नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

डाव्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका काढून टाकला. उजव्यातला ठेवला.

आत्या निघताना पुन्हा समोर उभी राहिली. म्हणाली, “ही कुणाचं तरी ऐकतेय.” थोड्या वेळाने म्हणाली, “की ऐकल्यासारखं करतेय.”

“कोणतं?”

“ते तू सांग, तू समोर होतीस.”

सही केलेली नाही. खुर्ची खरवडलेल्या जागेवर एक थर द्यायचा की नाही, ते ती सुकल्यावर बघेन. जमिनीवरच्या खडूच्या खुणा पुसलेल्या नाहीत. आत्या पुढच्या रविवारी पण येते म्हणाली.